‘घरी न्या’ म्हटल्यानंतर

मुंबईहून रात्री सुटलेली महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी कोल्हापूरच्या स्थानकात येऊन थांबते, तेव्हा तिच्यातून उतरणाऱ्या गर्दीत हातात क्ष-किरण चित्रांचे मोठे पाकीट आणि काखेत वळकटी घेतलेला एखादा मुलगा, आणि त्याच्या खांद्याचा आधार घेत, पायरी चाचपत उतरणारा त्याचा बाप, अशी एखादी जोडी पाहणाऱ्याच्या नजरेस हटकून पडते. ही मंडळी पुढे वाठारच्या फाट्यावरून वारणानगरच्या रस्त्याला लागतात आणि कोडोली, केखले, जाखले, सातवे अशा आपापल्या गावी पोचतात. मोठ्या शहरातल्या रुग्णालयाने त्यांना निरोप देताना दोन वाक्ये सांगितलेली असतात : ‘आता घरी न्या. सेवा करा.’ पहिल्या वाक्याचा अर्थ घरातल्या सर्वांना न सांगता कळतो आणि त्या रात्री चूल उशिरा पेटते; परंतु सेवा करायची म्हणजे नेमके काय करायचे, किती वेळा, कशाने, आणि कोणी, हे मात्र त्या पाकिटातल्या एकाही कागदावर लिहिलेले नसते.

ज्याला आपण ‘काही करण्यासारखे उरले नाही’ असे म्हणतो, त्या अवस्थेविषयी आपल्या जुन्या वैद्यकाने अधिक काटेकोर विचार केलेला होता. सुखाने बरा होणारा, कष्टाने बरा होणारा आणि उपायांपलीकडे गेलेला, या तिहींच्या जोडीला चरकाने रोगाची ‘याप्य’ नावाची आणखी एक कोटी मानली आहे. हा रोग समूळ जात नाही, परंतु योग्य उपचार चालू असेतोवर त्याची पीडा आवरून धरता येते. कोसळू पाहणाऱ्या घराला नीट लावलेला टेकू जसा काही काळ तोलून धरतो, तसा याप्य रोग्याला उपचार तोलून धरतो, अशा आशयाचा दृष्टांत सुश्रुताने दिलेला आहे. आधुनिक उपशामक शुश्रूषा आणि ही याप्य कल्पना हुबेहूब एक नव्हेत, हे कबूल. तरीही रोग हटत नाही म्हणून वैद्याचे काम संपत नाही, हा विचार दोहोंत समान आहे. त्याच चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले : वैद्य, औषध, उपस्थाता म्हणजे रोग्यापाशी राहणारा परिचारक, आणि स्वतः रोगी. उपस्थात्याच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता हे चार गुण हवेत, असेही त्याने नमूद केले. आजच्या घरोघरच्या उपस्थात्यापाशी अनुराग बहुधा असतो, शुचिता शिकवावी लागत नाही, दक्षता संकटाने येते. उणीव राहते ती पहिल्या गुणाची, आणि तो दोष उपस्थात्याचा नव्हे.

‘पॅलिएटिव्ह’ या शब्दाच्या मुळाशी ‘पॅलियम’ हा लॅटिन शब्द आहे आणि त्याचा अर्थ अंगावर घ्यावयाचे वस्त्र, झूल, असा आहे. आपल्याकडे त्याला घोंगडे म्हणावे. कारण घोंगड्याने पाऊस थांबत नाही, पण भिजणारा माणूस उबेत राहतो. या शास्त्राला आजचे रूप देणाऱ्या सिसिली साँडर्स या आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या, आणि १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे रुग्णालय उघडले. मरणपंथाला लागलेल्या माणसाची वेदना एकट्या शरीराची नसते, तीत मनाची, संसाराची आणि श्रद्धेची वेदना मिसळलेली असते, हे त्यांचे प्रतिपादन. वारणाकाठी याचे भाषांतर करण्याची गरज पडत नाही. रात्री दोन वाजता पोटात कळ येते म्हणून कण्हणारा म्हातारा वास्तविक सोसायटीच्या थकलेल्या हप्त्याने, सातबाऱ्यावर अद्याप न चढलेल्या धाकट्याच्या नावाने, किंवा भावकीत सात वर्षे बंद असलेल्या बोलण्याने कण्हत असतो. आणि फेरफाराचा अर्ज तलाठ्याच्या दप्तरी दाखल झाला त्या रात्री तोच माणूस त्याच गोळीवर शांत झोपतो.

आपल्या देशात या कार्याचा प्रारंभ मुंबईतच झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९८६ साली डॉ. एल. जे. डिसूझा यांनी वांद्र्याला ‘शांती आवेदना सदन’ स्थापन केले. ते भारतातले अशा प्रकारचे पहिले शुश्रूषागृह. पुढे १९९७ साली पुण्याजवळ वारजे येथे सिपला प्रतिष्ठानचे केंद्र उभे राहिले. तिथे रुग्णाकडून मोबदला घेतला जात नाही, आणि मला अधिक महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की रुग्णासोबत घरचे माणूस तिथे राहते, कूस कशी बदलावी, नळीतून अन्न कसे द्यावे, जखम कशी धुवावी हे परिचारिकेच्या हाताखाली शिकते आणि मग रुग्णाला घेऊन घरी परतते. तेथे उपस्थात्याला पाहुणा न मानता शिकाऊ उमेदवार मानले जाते.

आता वारणानगरकडे वळू. पन्हाळा तालुक्यातले हे गाव तसे नवेच. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने स्वातंत्र्योत्तर काळात येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्यामागोमाग दूध संघ, शिक्षणसंस्था, भांडार आणि मुलांचा तो विख्यात वाद्यवृंदही आला. १९९८ साली तर परिसरातल्या ७० गावांना संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प सरकारने येथेच राबवला. दोन म्हशींचे चार लिटर दूध घालणाऱ्या बाईचे मोजमाप, तिच्या दुधाची फॅट आणि तिचे दहा दिवसांचे बिल यांचा हिशेब चोख ठेवणारी ही व्यवस्था आहे. प्रस्तुत विषयाशी तिचा संबंध काय, असे कोणी विचारील. तो पुढे येईल.

तूर्त त्या दूध घालणाऱ्या बाईच्याच घरात जाऊ, कारण बहुधा तीच उपस्थाता असते. ती रुग्णाची सून असते, बायको असते, क्वचित माहेरी परत आलेली लेक असते. पहाटे पाचला उठून धार काढायची आणि सहाच्या आत डेअरीवर दूध पोचवायचे, हा तिचा जन्माचा शिरस्ता. अशा घरात वेदनाशामक औषध सुरू करताना जाणती परिचारिका त्या शिरस्त्यालाच औषध बांधते. जोरदार वेदनेवर पोटातून देण्याच्या साध्या मॉर्फिनचा अंमल सुमारे चार तास टिकतो. म्हणून सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा अशा वेळा ठरतात, आणि रात्रीची मात्रा डॉक्टर वाढवून देतात, जेणेकरून मध्यरात्री कोणाला उठावे लागू नये. सकाळ-संध्याकाळची सहाची वेळ ही डेअरीची वेळ असल्यामुळे ती चुकत नाही. यातले तत्त्व असे की वेदना उसळल्यावर गोळी देणे म्हणजे बांध फुटल्यावर माती टाकणे होय. आधीची मात्रा उतरण्यापूर्वी पुढची पोचली, तर वेदनेला डोके वर काढण्यास अवसरच मिळत नाही आणि एकूण औषधही कमी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी जी पायऱ्यांची पद्धत सांगितली, तिच्यातही औषध शक्यतो तोंडावाटे आणि घड्याळाबरहुकूम द्यावे, हाच कटाक्ष होता.

परंतु मॉर्फिन म्हणताच घरात कुजबुज सुरू होते. ‘ती अफूच न्हवं?’ अफूच आहे. मागच्या पिढीत तान्ह्या पोराला निजवणाऱ्या बाळगोळीत अफूचा अंश असे, आणि तिच्या गुंगीची भीती म्हाताऱ्या बायकांच्या मनात अजून घर करून आहे. वस्तुतः खऱ्या वेदनेवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनने व्यसन लागण्याचा संभव फार थोडा असतो. पहिले काही दिवस मळमळ व सुस्ती येते आणि ती ओसरते. ओसरत नाही तो बद्धकोष्ठ. म्हणून मॉर्फिनसोबत रेचक लिहून न देणे ही निव्वळ हयगय होय, आणि ज्या घरात रेचक राहून जाते त्या घरात चौथ्या दिवशी माणूस वेदनेपेक्षा पोटाने अधिक बेजार होतो.

कायद्याची कैफियत तर याहून विलक्षण. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, गाझीपूर आणि नीमच येथील सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते, आणि तिचा मोठा हिस्सा परदेशी जातो. असे असता १९८५ साली अमली पदार्थांविरुद्ध जो कडक कायदा झाला, त्याच्या धाकाने रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. निरनिराळ्या खात्यांचे परवाने एकाच वेळी मुदतीत असल्याखेरीज औषध मिळत नसे, आणि दुसऱ्या परवान्याची मंजुरी येईपर्यंत पहिल्याची मुदत संपून जाई. १९९७ साली साऱ्या देशाचा मॉर्फिनचा खप अवघ्या १८ किलोंवर आला होता. जो देश जगाला अफू पुरवतो त्याच देशातला रुग्ण भिंतीवर डोके आपटून घेतो, हा केवळ दप्तराचा प्रताप. डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी चिकाटीने पाठपुरावा केल्यावर २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आवश्यक औषधांची वेगळी तरतूद झाली, आणि मान्यताप्राप्त संस्थेला एकाच परवान्यावर ती ठेवता येऊ लागली. कायदा बदलला, धाक मात्र अनेक औषधालयांत अद्याप तसाच आहे.

औषधाची बाजू डॉक्टर सांभाळील, परंतु अंथरुणाची बाजू सर्वस्वी उपस्थात्याची. अंथरूण धरलेल्या माणसाच्या पाठीच्या खालच्या हाडावर, खुब्यावर आणि टाचेवर जखमा का होतात? हाड आणि अंथरूण यांच्या कात्रीत कातडी सापडते, तिथले रक्ताभिसरण थांबते, आणि तास-दोन तास हा दाब तसाच राहिला तर ते मांस मरू लागते. त्यात ओल आणि चादरीचे घर्षण यांची भर पडली की जखम उघडते. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणे हा उपचारच आहे. माणूस ओढून सरकवू नये; खाली दुहेरी चादर घालून दोघांनी ती उचलावी. ‘मामा, जरा कूस बदलू या का?’ असे सुनेने आधी विचारावे, कारण न सांगता हलवलेले शरीर आखडते आणि दुखते. शिवाय ज्या माणसाच्या शब्दावर कालपर्यंत घर चालले, त्याला निदान आपल्या कुशीबाबत तरी विचारले जावे.

या भागात मुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पुष्कळ. पुरुषांची तंबाखू जगजाहीर आहे; बायकांची भाजलेल्या तंबाखूची मिश्री दात घासण्याच्या निमित्ताखाली लपते. या रोगात गालाची जखम बाहेर उघडते, तिला दुर्गंधी सुटते, आणि ही दुर्गंधी वेदनेहून क्रूर असते, कारण तिच्यामुळे नातवंडे आजीच्या खोलीत येईनाशी होतात आणि आजी पदर तोंडावर ओढून भिंतीकडे वळते. ती दुर्गंधी हवेवाचून वाढणाऱ्या जंतूंची असते, आणि मेट्रोनिडॅझोल नावाच्या स्वस्त गोळीची पूड डॉक्टरांच्या सल्ल्याने स्वच्छ धुतलेल्या जखमेवर टाकली, तर काही दिवसांत ती पुष्कळ उणावते. एवढीशी माहिती, पण तिच्या अभावी किती आज्या भिंतीकडे तोंड करून गेल्या असतील! धाप लागलेल्या माणसाला पाठीशी उशा देऊन बसते करावे, खिडकी उघडावी, आणि टेबलावरचा लहान पंखा त्याच्या चेहऱ्यावर सोडावा. गालावरून वाहणाऱ्या वाऱ्याने धापेची जाणीव कमी होते, हे आता प्रयोगांनीही दाखवलेले आहे.

सर्वांत अवघड प्रकरण अन्नाचे. ज्या प्रदेशात पाहुण्याला तांबडा-पांढरा रस्सा वाढून ‘पोटभर जेवा’ म्हणणे हीच प्रेमाची भाषा आहे, तिथे घास उतरत नाही ही गोष्ट सुनेला आपला पराभव वाटते, आणि विचारपूस करायला आलेली भावकी तो पराभव तिच्या पदरात पक्का बांधते. ‘जेवत न्हाई म्हणून खंगत चाललाय की माणूस.’ खरा क्रम उलटा आहे : देह आपला कारभार आटोपता घेत असतो, म्हणून अन्न मागत नाही. अशा वेळी हुलग्याच्या माडग्याचे दोन चमचे आवडीने गेले तर द्यावे, न गेले तर ओल्या फडक्याने ओठ पुसावेत, तोंड स्वच्छ ठेवावे. बळेच भरवलेला घास श्वासनलिकेत जाण्याचे भय असते.

आणि एक प्रकरण बोलण्याचे. आमच्या नात्यातल्या एका घरी डॉक्टर आले, तेव्हा थोरल्या मुलाने त्यांना अंगणातच गाठून हलक्या आवाजात सांगितले, ‘आबास्नी ह्यातलं कायबी सांगू नगासा, हाय खातील.’ आत खाटेवर आबांनी डॉक्टरांचा हात धरून त्याहून हलक्या आवाजात सांगितले, ‘पोरास्नी काय कळू देऊ नगासा, उसाचा सीझन हाय.’ बापाला सारे ठाऊक होते, मुलांना सारे ठाऊक होते, आणि दोन महिने ते घर एकमेकांपासून एकच गुपित राखत बसले होते. त्या दोन महिन्यांत वाटण्या, देणी, माफ्या, सांगायच्या राहिलेल्या दोन चांगल्या गोष्टी, सगळेच तहकूब राहिले. सत्य लादू नये हे खरे; परंतु रुग्णाला काय वाटते, त्याला किती जाणून घ्यायचे आहे, हा प्रश्न त्यालाच विचारावा आणि उत्तर ऐकण्याइतका वेळ त्याच्यापाशी बसावे, हेही उपस्थात्याला शिकवावे लागते. आम्हांला कोणी शिकवले नव्हते.

अशा शुश्रूषेने माणूस हातपाय गाळतो, लवकर जातो, अशीही एक समजूत आहे. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्यांना निदानापासूनच नेहमीच्या उपचारांबरोबर उपशामक शुश्रूषा मिळाली ते सरासरी सुमारे साडेअकरा महिने जगले, आणि ज्यांना ती मिळाली नाही ते सुमारे नऊ महिने. तेव्हा ‘घरी न्या’ म्हणण्याच्या दिवसापर्यंत या शुश्रूषेला थांबवून ठेवणेच मुळात चूक. शिवाय ती केवळ कर्करोगाचीही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने तिची गरज असणाऱ्या प्रौढांत हृदयविकाराचे रुग्ण कर्करोगाहून अधिक आहेत, आणि गरजवंतांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनाच ती मिळते.

आता उपस्थात्याच्या स्वतःच्या प्रकृतीविषयी. अमेरिकेत स्टीव्हन झारिट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली शुश्रूषा करणाऱ्यांचा भार मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली, आणि ती पुढे २२ प्रश्नांची झाली. स्वतःसाठी वेळ उरत नाही असे वाटते का, रुग्णाचा राग येतो का, अशा धाटणीचे ते प्रश्न. आपल्याकडची सून यांपैकी एकाचेही खरे उत्तर चारचौघांत देणार नाही. राग येतो, हे ती देवाजवळही कबूल करीत नाही. तिची कंबर उचलाउचलीने गेलेली असते, झोप तुकड्यातुकड्यांची असते, माहेरच्या लग्नाला ती गेलेली नसते. आणि मुंबईहून चार दिवसांसाठी आलेला दीर ‘वहिनी, आबांची दाढी किती वाढलीय’ एवढेच बोलून जातो. अशा स्त्रीला आठवड्यातून अर्धा दिवस जरी कोणी येऊन मोकळे केले, तरी ती पुढचे सहा दिवस रेटते.

तो अर्धा दिवस कोण देणार? केरळात याचे उत्तर शोधले गेले. १९९३ साली कोझिकोडला सुरू झालेल्या कार्यातून पुढे शेजाऱ्यांचे जाळे विणले गेले : शिक्षक, दुकानदार, रिक्षावाले, गृहिणी, ज्याला आठवड्याला किमान दोन तास देता येतील असा कोणीही शिकून रुग्णाच्या घरी जाऊ लागला, २००८ साली राज्य सरकारने त्याचे धोरण केले, आणि ग्रामपंचायतींच्या परिचारिका घरोघर फिरू लागल्या. केंद्र सरकारचा कार्यक्रम २०१२ पासून कागदावर आहे, आणि उपकेंद्रापर्यंतच्या आरोग्यसेवांच्या यादीत या शुश्रूषेचा समावेशही झालेला आहे. तथापि यादी म्हणजे सेवा नव्हे. आशाताईंच्या झोळीत आधीच इतकी कामे आहेत की आणखी एक घालताना लाज वाटावी. मला वाटते ते असे : दोन तासांचे दान गोळा करणे ही कल्पना वारणाकाठच्या माणसाला परकी वाटू नये. चार-चार लिटर दूध एकत्र करून त्याचा संघ करता येतो, हे जिथे तीन पिढ्यांनी पाहिले आहे, जिथे प्रत्येक गावात रोज दोनदा जमणारी जागा आहे, आणि कोणत्या घरचे दूध आज आले नाही हे सचिवाला सहाच्या ठोक्याला कळते, तिथे त्या घरात कोण आजारी आहे हेही त्याच वहीत कळण्यासारखे असते. वहीला आणखी एक रकाना लागेल, आणि तो भरणारे माणूस लागेल.

अखेरच्या दिवसांत श्वासाला घरघर लागते. ती घशात साठलेल्या स्रावाची असते; गिळण्याची शक्ती गेलेली असते एवढेच. ऐकणाऱ्यांचा जीव तीळ तीळ तुटतो, पण बेशुद्धीकडे कललेल्या माणसाला तिचा त्रास बहुधा जाणवत नाही. कुशीवर वळवावे, डोके किंचित उंच करावे, आणि बोलत राहावे. दवाखान्याच्या गाडीसाठी धावपळ न करता त्या रात्री ज्या घरातले लोक खाटेभोवती बसून राहू शकतात, त्यांना कोणीतरी हे आधी समजावून दिलेले असते.

त्यानंतर दहावे-तेरावे आटोपते, पाहुणे पांगतात. ज्या घराकडे एखादी परिचारिका नेमाने येत असे, तिथे ती आणखी एकदा येते. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून परत घ्यायच्या असतात, नोंदवहीत आकडा घालायचा असतो, त्याखाली सही घ्यायची असते. सून फळीवरचा डबा काढून देते. रात्री दोनला अजून जाग येते, ती सांगते. कूस बदलायला म्हणून उठते आणि मग रिकामी खाट दिसते. परिचारिका अकरा गोळ्या मोजते, वही मिटते, आणि विचारते, ‘आणि तुमची कंबर कशी आहे?’